चौदावा दिवस

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी सांगितला, तर पलीकडून थोडा वेळ आवाजच येईना. मग ते म्हणाले, ‘‘जरा जड नाही होणार? आपल्याकडे लोक सहकुटुंब येतात.’’ मी म्हटलं, हे दुःखही सहकुटुंबच येतं. त्यांनी मोठ्या मनाने ‘बरं’ म्हटलं, म्हणून मी इथे उभा आहे.

ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला भूमिती शिकवली. फळ्यावर आकृती, तिच्याखाली ‘पक्ष’, त्याखाली ‘साध्य’. जे दिलेलं आहे ते नीट न लिहिता साध्याकडे धावणाऱ्या मुलाचे ते मार्क कापायचे. आजच्या विषयाचा पक्ष असा : माझा धाकटा भाऊ २००३ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी आत्महत्येने गेला. अमरावतीला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मागे बायको, सहा वर्षांची मुलगी, आई-वडील आणि मी. साध्य, म्हणजे ‘का’, मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. आज मी ते शोधायला आलेलोही नाही. त्याच्यामागे आमच्या घरी कोण आलं, कोण आलं नाही आणि आलेल्यांनी काय केलं, त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी शब्दाबद्दल थोडं. आपण म्हणतो ‘आत्महत्या केली’. ‘केली’ म्हटलं की चोरी केली, लबाडी केली, त्या रांगेत माणूस जाऊन बसतो. त्यात ‘हत्या’ आहेच, आणि हत्या म्हटली की मारेकरी हवा. मारेकरी तर गेलेला. मग लोक उरलेल्यांकडे बघतात. खेड्यातली जुनी माणसं ‘जीव दिला’ म्हणतात. मला तो शब्द पुष्कळ दिवस मऊ वाटायचा. पण दिला म्हटलं की कोणापायी दिला, हे येतंच. बायकोपायी, सावकारापायी, पोरीच्या लग्नापायी. ‘पायी’ हे शब्दयोगी अव्यय फार लवकर चिकटतं, आणि ज्याला चिकटतं त्याच्या अंगावरून जन्मभर निघत नाही. माझ्या आईने दोन्ही शब्द कधी उच्चारले नाहीत. ती म्हणायची, ‘‘त्याचं ते झालं तेव्हा.’’ मी ‘आत्महत्येने गेला’ म्हणतो, तापाने गेला म्हणतात तसं. कारण शेवटी ती मनाच्या असह्य वेदनेची गोष्ट असते, आणि त्या वेदनेला बहुधा एकच एक कारण नसतं.

आता आपल्या रीतींकडे येतो. मरण कसं सोसायचं याची आपल्याकडे पक्की व्यवस्था आहे. त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणि सोयरे कडू घास घेऊन येतात. माणसं बसायला येतात. ‘बसायला येणं’ हा मराठीतला मला सगळ्यात शहाणा वाटणारा वाक्प्रचार आहे. बोलायला नाही, समजूत घालायला नाही, बसायला. मग दहावा, तेरवी, गोड जेवण, दुखवटा काढणं. तरुणपणी मी या सगळ्यावर फार तावातावाने बोलायचो. खर्चाबद्दल बोलायचो ते आजही खरं आहे. कर्ज काढून तेरवी करू नये हे मी आजही म्हणेन. पण तेरा दिवस माणसाला एकटं सोडायचं नाही, ही सोय त्यात कोणीतरी विचार करून ठेवली होती, हे मला आमच्याच घरी कळलं. कळलं ते ती सोय बिघडली म्हणून.

कारण आमच्याकडे पहिल्यांदा आले ते पोलीस. त्यांची तक्रार नाही. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, तो कायदाच आहे. पण आईला मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायला मिळण्याआधी ओट्यावर पंचनाम्याचे कागद पसरले गेले. सह्या करायला पंच हवे होते. ज्या गल्लीत लग्नाच्या याद्या करायला दहा जण बसायचे, तिथे दोन पंच मिळायला अर्धा तास लागला. साक्षीला जावं लागेल ही भीती. मग घाईघाईत अंत्यसंस्कार. मग एका दूरच्या मामांचा सल्ला, की असं मरण म्हणजे त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायणबळी केलाच पाहिजे, नाहीतर घराला बाधतं. दहाव्याला कावळा शिवेना. घाटावरच्या प्रत्येकाकडे भावाच्या राहिलेल्या इच्छेचा एक अंदाज होता आणि सगळे माझ्या भावजयीकडे बघत होते. ती एकेक कबूल करत गेली : मुलीला शिकवीन, आई-बाबांना सांभाळीन, दुकान विकणार नाही. ऊन चढल्यावर कधीतरी कावळा आला. तिची मात्र त्या दिवशी जाहीर उलटतपासणी झाली, असं मला आजही वाटतं.

आणि बसायला आलेले? आले, पुष्कळ आले. पण बसले नाहीत. विचारू लागले. चिठ्ठी वगैरे काही? तुम्हाला आधी काहीच जाणवलं नाही? उधारी किती होती? घरात काही होतं का? ‘घरात’ म्हणताना डोळे स्वयंपाकघराकडे जात. वाईट माणसं नव्हती ती. कारण सापडलं तर ते आपल्या घरात नाही, एवढी खात्री करून परत जायचं होतं त्यांना. सरांच्या भाषेत सांगायचं तर सगळे साध्य घेऊन आले होते आणि पक्ष कोणालाच नको होता.

त्या प्रश्नांना कंटाळून वडिलांनी सहाव्या दिवशी ठरवलं की यापुढे ‘हार्ट अटॅक’ सांगायचं. आम्ही अकरा वर्षं तेच सांगितलं. खोटं बोलण्याला मनुष्यबळ लागतं हो. कोणाला काय सांगितलंय ते सगळ्यांनी लक्षात ठेवायचं, गावातल्या निम्म्या लोकांना खरं माहीत असताना. पुतणीलाही तेच सांगितलं होतं. ती सातवीत असताना मधल्या सुट्टीत एका मुलीने तिला खरं सांगितलं. ती घरी येऊन काही बोलली नाही. पुढे दोन वर्षं वडिलांच्या फोटोकडे पाठ करून अभ्यासाला बसायची. आम्हाला वाटलं, उजेड तिकडून येतो म्हणून. लहान मुलांना थोडक्यात पण खरंच सांगावं : बाबांच्या मनाला मोठं दुखणं झालं होतं, त्यात ते गेले, आणि त्यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य पुन:पुन्हा सांगावं, कारण मूल विचारत नसलं तरी तेच धरून बसलेलं असतं.

चौदाव्या दिवशी मांडव निघाला. खुर्च्या मोजून परत गेल्या, दोन कमी भरल्या म्हणून मांडववाल्याशी हुज्जत झाली, आणि मग घरात आवाज संपले. इतर मरणांमध्ये चौदाव्या दिवसापासून दुःख हळूहळू उतरणीला लागतं म्हणतात. या मरणात ते त्या दिवशी नीट चढायला लागतं. तेरा दिवस तुम्ही जगाला उत्तरं देत असता, आणि आता प्रश्न विचारणारे तुम्हीच उरता. भाऊ गेला त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला होता, तो मी का उचलला नाही? हा प्रश्न माझा. आईचे, भावजयीचे वेगळे असतील. एकमेकांना आम्ही ते कधी दाखवले नाहीत.

अशा वेळी जो माणूस आला तो नात्यातला नव्हता. भावाच्या दुकानाशेजारी ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, तिथला मेकॅनिक. आम्ही त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. तेरवीला ते मागे उभे होते. त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी आले, हात धुऊनही नखांत ग्रीस राहिलेलं, आणि वडिलांजवळ बसले. चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘बाबूजी, तुमचा पोरगा बिल करताना लई पुटपुटे. गिऱ्हाइकाले वाटे, आपल्यालेच शिव्या देऊन राह्यला.’’ वडील हसले. चौदा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा. पुढच्या शनिवारी मिस्त्री पुन्हा आले. दीडेक वर्ष येत राहिले. दरवेळी भावाची एखादी बारीकशी गोष्ट. एकदा वडिलांनीच न राहवून विचारलं, काही बोलला होता का तुमच्याजवळ? मिस्त्री म्हणाले, ‘‘काहून गेला ते मले नाही माईत, बाबूजी. कसा होता ते माईत आहे.’’

मला वाटतं, सगळ्या मानसशास्त्राच्या पुस्तकांतून मी नंतर जे वाचलं ते यापेक्षा फार पुढे गेलं नाही. ‘का’ विचारणाऱ्यांनी आमच्या भावाचा शेवटचा एक दिवस आम्हाला दिला. मिस्त्रींनी आधीची चौतीस वर्षं परत आणून दिली.

नंतर नोकरीमुळे मी वर्धा-यवतमाळ भागात राहिलो. तिथे या विषयाला वेगळंच नाव आहे. शेतकरी आत्महत्येची सरकारी मदत मिळायला पात्र आणि अपात्र. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं यांचा असाच अंत झाला. त्या दिवशी आजही अनेक जण अन्नत्याग करतात. पुढे आत्महत्या वाढल्या, मदतीचे शासन निर्णय आले : एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी मयताच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर शेती हवी, थकलेलं कर्ज हवं. नाहीतर प्रकरण अपात्र. निकष लागतात हे मलाही कळतं. पण हे कागदावरचे शब्द घरात शिरतात. एक बाई मला सांगत होत्या, ‘‘आमचे अपात्र झाले.’’ नवऱ्याबद्दल बोलत होत्या त्या. मेलेल्या माणसावर असा शिक्का बसला की बायकोलाही वाटतं, आपलं दुःखही नामंजूर झालं.

महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी नवरा आत्महत्येने गेलेल्या ५०५ महिलांची पाहणी केली. त्यातल्या सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. आधार हा शब्द आपण मनाशीच जोडतो, पण या घरांमध्ये पहिला आधार म्हणजे तलाठ्याकडे सोबत येणारं कोणीतरी. सातबारा, वारस नोंद, रेशन कार्ड, निराधार योजनेचा अर्ज. एकटी बाई चावडीत गेली तर तिला बघणाऱ्या नजरा वेगळ्या आणि दोन जणी सोबत असल्या तर वेगळ्या. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण ज्या घरात माणूस आत्महत्येने गेला, तिथे कुंकवाच्या बंदीच्या आधी ‘हिच्यामुळे गेला’ असतं. ते ठरावाने जात नाही.

ते कशाने जातं, याचं एक उत्तर मी यवतमाळला पाहिलं. ११ जानेवारी २०१९. ब्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष अरुणा ढेरे. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण रद्द झाल्याचा वाद तापलेला, आणि उद्घाटनाला आल्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मुलं वाढवलेल्या. अडचणीला दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई उपयोगी पडते, अशा अर्थाचं त्या बोलल्या आणि मांडव दणाणला. वृत्तपत्रांनी त्याचं राजकारण छापलं. मला मात्र ते वाक्य शब्दशः घ्यावंसं वाटलं. त्या आधी ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. लेखन श्याम पेठकरांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं, आणि रंगमंचावर अशाच घरांतल्या बाया. तेरवीचं नाव घेऊन त्या बाया तेरवीनंतरचं सांगत होत्या. टाळ्यांपेक्षा मला नाटकामागच्या गोष्टीचं मोल वाटतं : तालमीला रोज एकत्र यायचं, एका गाडीत बसायचं, डबे वाटून खायचे. ‘हे फक्त माझ्याच घरी झालं’ ही समजूत अशा गाडीत फार दिवस टिकत नाही.

आकडे मी थोडेच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. एडविन श्नाइडमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पन्नासेक वर्षांपूर्वी म्हणाले होते की प्रत्येक आत्महत्येमागे किमान सहा माणसं होरपळतात. अलीकडे केंटकी विद्यापीठातल्या ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, तर एका आत्महत्येचा स्पर्श होणारी माणसं निघाली १३५. मेकॅनिक, दुकानात चहा आणणारा पोरगा, शाळेतला बाकसोबती हे सगळे त्यात. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही, पण सहानेच गुणलं तरी आपल्या राज्यात एका वर्षात एक लाख छत्तीस हजार माणसं होतात. एवढी माणसं आहेत आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच.

श्नाइडमन यांनीच ‘पोस्टव्हेन्शन’ हा शब्द रूढ केला. प्रिव्हेन्शन म्हणजे आधीचं, हे नंतरचं. त्यांचं म्हणणं होतं की मागे राहिलेल्यांना सांभाळणं हाही पुढची आत्महत्या टाळण्याचा भाग आहे, कारण या माणसांनाच धोका जास्त असतो. अमेरिकेत नोव्हेंबरमधला एक शनिवार अशा मागे राहिलेल्यांचा दिवस म्हणून पाळतात. १९९९ साली तो ठराव सिनेटमध्ये आणला हॅरी रीड यांनी, ज्यांचे वडील असेच गेले होते. आपल्याकडे मदुराईच्या नंदिनी मुरली यांनी नवरा गेल्यावर ‘लेफ्ट बिहाइंड’ हे पुस्तक लिहिलं आणि अशा माणसांसाठी ‘स्पीक’ नावाचं काम उभं केलं. आणि एकाच दुःखाच्या माणसांनी गोल करून बसायचं, ही रीत मराठी मुलखाला नवी नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. गावोगाव बचत गट आहेत. सतरंजी तयार आहे, विषय तेवढा नवा.

आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी बसतो. एका बालवाडीची खोली मिळाली आहे. खुर्च्या वीतभर उंचीच्या, म्हणून सगळे खालीच बसतात, त्याने मान-अपमान आपोआप मिटतो. नियम तीन-चारच. आपल्या माणसाचं नाव घेऊन सुरुवात करायची. कसं झालं ते सांगायचं नाही. कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही. रडणाऱ्याच्या हातात लगेच पाण्याचा ग्लास द्यायचा नाही, कारण पुष्कळदा आपण तो त्याचं रडणं थांबावं म्हणून देतो. पहिल्या बैठकीत एक गृहस्थ पाऊण तास फक्त एसटीच्या वेळांबद्दल बोलले. आम्ही ऐकलं. चौथ्या बैठकीत त्यांनी मुलाचं नाव घेतलं. एकदा एक तरुण बाई खाली मान घालून म्हणाली, ‘‘मला त्यांचा राग येतो.’’ सगळे गप्प. मग कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, ‘‘मलेही येते. तीस वर्षं झाली, अजून येते.’’ त्या तरुणीचा चेहरा मला विसरता येत नाही. गेलेल्यावर रागावण्याची परवानगी तिला घरात, देवळात, माहेरी, कुठेच मिळाली नव्हती. काही जण एकदाच येतात आणि पुन्हा येत नाहीत. तेही चालतं.

कधी एखादा म्हणतो, आता मलाही जावंसं वाटतं. तेव्हा विषय बदलायचा नाही. सरळ विचारायचं, मरणाचे विचार येतात का? विचारल्याने ते डोक्यात शिरतात हा समज खोटा आहे. उलट विचारणारं कोणी भेटलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे आपण सोबत जायचं. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. मागच्या रांगेत ऐकू आलं ना? १४४१६. आणि पोलीस पकडतील ही जुनी भीती काढून टाका. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. आणि १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम नाही.

आता एक कबुली. हे सगळं मला ठाऊक असूनही मी काय केलं ते ऐका. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी गेली, तशीच. मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. घरासमोर चपलांचा ढीग दिसला आणि मी परत फिरलो. रात्री व्हॉट्सॲपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडलेलं चित्र पाठवलं. मी! त्या घरात काय चाललं असेल हे ज्याला पक्कं माहीत होतं, तो. चार महिन्यांनी लाज इतकी झाली की गेलो. दार त्यांनीच उघडलं. मी म्हणालो, फार उशीर केला. ते म्हणाले, ‘‘नाही, बरं झालं. आता कोणी येत नाही.’’ मग त्यांनी मुलीची चित्रकलेची वही काढली, आणि आम्ही दोन तास ती पाहिली. त्यातली निम्मी चित्रं मांजरांची होती.

म्हणून माझी विनंती चौदाव्या दिवसाची आहे. तेराव्यापर्यंत गेला नाहीत तरी फारसं बिघडत नाही. चौदाव्याला जा, चाळिसाव्याला जा, त्या माणसाच्या वाढदिवसाला जा, दिवाळीत पहिल्या आंघोळीला त्या घरात आवाज नसेल तेव्हा जा. जाताना कारण नेऊ नका. सोबत भाजी न्या, गॅसचं बुकिंग करून द्या, विम्याचा फॉर्म भरायला बसा, मुलाला क्लासला सोडा. गेलेल्याचं नाव घ्या. नाव घेतल्याने आठवण येईल अशी भीती वाटते आपल्याला. ती माणसं विसरलेली नसतात हो.

मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत, गॅरेज त्यांचा मुलगा बघतो. वडील गेले, आई गेली. पुतणी अठ्ठावीस वर्षांची झाली, नागपूरला नोकरी करते. दोन-तीन महिन्यांनी ती अमरावतीला येते तेव्हा तिची स्कूटी मिस्त्रींच्या गॅरेजला दाखवायला नेते. मिस्त्री बाहेर बाजेवर बसलेले असतात. मुलगा गाडी उघडून बघतो, पुसतो, पुन्हा लावून ठेवतो. तोपर्यंत तासभर जातो, कधी दोन. गाडीला काही झालेलं नसतं.